मायनं गूळ वाटला

माझं नाव मी इथे लिहीत नाही. घरातला केर जिथे नेऊन टाकतात त्या जागेवरून ते ठेवलेलं आहे. माझ्या आधी मायचं एक लेकरू गेलं होतं. म्हणून मी जन्मले तेव्हा आजीनं, म्हणजे बाबांच्या आईनं, मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या बाईनं पसाभर कोंडा देऊन मला ‘विकत’ घेतलं आणि परत मायच्या ओटीत टाकलं. मग असं हलकं नाव ठेवून माझं नाक टोचलं. हे लेकरू कोणालाच नको आहे, असं नेणाऱ्याला वाटावं, म्हणजे तो वळून बघणार नाही, असा त्यामागचा विचार. मी जगले, आणि आजीला खात्री पटली की जगवण्याची रीत हीच.

आमचा मळा अकोल्याच्या बाहेर, मोर्णेच्या काठाला होता. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, आणि नदीकडच्या पट्ट्यात झेंडू-शेवंती. आमचे लोक पिढ्यानपिढ्या हेच करत आले. मी तीन-चार वर्षांची असताना मिशनमधली एक म्हातारी बाई भाजी घ्यायला मळ्यात येऊ लागली. ती बांधावर बसून मायशी बोलायची, कधी गाणी म्हणायची. मायला काय पटलं ते तिनं मला फार पुढे सांगितलं. ती म्हणाली, “तोवर मले वाटे, देव म्हंजे ज्याच्यापासून लेकरं लपवा लागते तो. त्या बाईनं सांगतलं, तसं नसते.” वर्षभरानं माय आणि बाबा दोघांनी बाप्तिस्मा घेतला. आजीनं भांडण केलं नाही. आपलं गाठोडं बांधलं आणि बार्शीटाकळीला काकांकडे राहायला गेली. मायच्या बाळंतपणाला मात्र तेवढी येत राहिली.

त्यानंतर मला दोन भाऊ झाले. दोघंही जन्मले तेव्हा चांगले गुटगुटीत होते, आणि दोघंही दुसरा आठवडा लागायच्या आत गेले. एक दिवस दूध घेणं बंद व्हायचं, तोंड आवळायचं, मग पाठ ताणायला लागायची. आमच्याकडे त्या दुखण्याचं नाव कोणी घेत नसे. बाजारात मात्र लोक आमच्यासमोर बोलत. भाजी तोलताना एक बाई दुसरीला म्हणाली ते मी स्वतः ऐकलं. “यायनं देव सोडले. देवानं काई यायले सोडलं नाई.” बाबांनी ऐकलं, आणि जुडीवर पाणी शिंपडत राहिले.

मी दहाएक वर्षांची झाले तेव्हा मायला पुन्हा दिवस गेले. हे मला कोणी सांगितलं नाही. घरातला आवाज कमी झाला त्यावरून कळलं. मळ्यावर निंदायला येणाऱ्या बाया मायकडे बघून नजर खाली करू लागल्या. एरवी कुणाच्या घरी असं असलं की थट्टा चालते, डोहाळे विचारतात. आमच्याकडे कोणी विचारलं नाही. शेजारणीनं तिच्या पोरीला आमच्या घरी खेळायला पाठवणं बंद केलं. बाबा संध्याकाळी प्रार्थनेला बसत, पण त्यांचे शब्द मधेच थांबत, आणि मग आम्ही तिघं नुसतेच डोळे मिटून बसत असू.

भादव्यात आजी आली. काकांच्या बैलगाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात एक नवं सूप होतं आणि फडक्यात बांधलेला कोंडा. तिनं ते दोन्ही मायच्या पुढ्यात ठेवलं.

“या बारीले माह्यं ऐक,” ती म्हणाली. “तुया देव तुयापाशी ठेव, मी काई म्हनत नाई. पन लेकरू झालं की मायापाशी दे. मी नेईन उकिरड्यावर. नाव मी ठेवीन.”

“आत्याबाई, सूप राहू द्या. धान्य पाखडाले कामी येईन,” माय म्हणाली.

“तुले लेकरू पाह्यजे का तुयी टेक पाह्यजे?”

मायच्या मांडीवर मेथीची जुडी होती, तिची पानं ती उगाचच खुडत होती. मग म्हणाली, “लेकरूच पाह्यजे. पन माह्यं म्हून पाह्यजे. चोरून आनल्यासारखं नाई.”

“मंग हे बी जाईन,” आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस येईल असं आभाळाकडे बघून सांगावं तसं तिनं सांगितलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मायनं ठरवलं होतं की या वेळी मिशनच्या दवाखान्यातली नर्स आणायची. नर्सनंही कबूल केलं होतं. पण दवाखाना नदीच्या पलीकडे, आणि ज्या दिवशी मायचं पोट दुखू लागलं त्याच्या आदल्या रात्रीपासून पाऊस धरला होता. बाबा सकाळीच गाडी जुंपून निघाले. मोर्णेला पूर होता. पाण्यावरून अख्खी झाडं वाहत चालली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. पाणी उतरायची वाट बघत ते अलीकडच्या काठावर उभे राहिले. मग लांबच्या पुलावरून जावं म्हणून त्यांनी गाडी वळवली, तर काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतली. ते परतले तेव्हा दिवस मावळायला आला होता, आणि मुलगा केव्हाच जन्मला होता.

वस्तीतली सुईण आली होती. तिनं जुड्या कापायच्या विळ्यानं नाळ कापली, आजीनं चुलीतली राख लावली. आपल्या माहितीप्रमाणे आजीनं काळजीच घेतली. माझ्या बाबतीतही तिनं हेच केलं होतं. पुढे मी अमरावतीला दवाखान्यात सुईणपण शिकले, तेव्हा मला कळलं की माझे दोन भाऊ कशानं गेले, आणि त्या संध्याकाळी मी उंबऱ्यात उभी राहून पाहत होते ते काय होतं. मातीत फिरलेला तो विळा, ती राख. धनुर्वात असाच शिरतो. मी कशी वाचले ते मात्र मला तिथेही कोणी सांगू शकलं नाही. तेव्हा यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं की पुढचा आठवडा वाईट असतो.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मायनं बाबांना जवळ बोलावलं आणि म्हणाली, “बाजारातून गुळाची ढेप आना. साऱ्या वस्तीत वाटा.”

बाबा बघतच राहिले. आजी चुलीपुढे होती, ती जागेवरून उठली. “अवो, अजून पाचवी नाई झाली. गूळ वाटून काय दवंडी देतं का, का पोरगं झालं म्हून? साऱ्या दुनियेची नजर बोलावून राहिली तू?”

“पोरगं झालं ना, आत्याबाई. मंग सांगा लागते.”

“राह्यलं तं सांगजो.”

“राह्यलं तं बी सांगीन. पन आज झालं, ते आज सांगतलं पाह्यजे.”

बाबांनी आजीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि टोपी घालून बाहेर पडले. दुपारी आम्ही दोघं घरोघर गूळ घेऊन फिरलो. बाबा दारात उभे राहून सांगत, “पोरगा झाला,” आणि मी परातीतला खडा पुढे करी. ती फेरी मी विसरू शकत नाही. लोकांनी गूळ घेतला, पण सुतकाच्या घरून काही आल्यासारखा घेतला. एका बाईनं तो घेऊन दाराआड ठेवून दिला. एकीनं मुठीत धरला, आणि आम्ही वळेपर्यंत मूठ उघडली नाही. बाजारात बोलणाऱ्या त्या बाईच्या घरीही आम्ही गेलो. तिनं हात मागे घेतला, म्हणाली, “माह्या लेकराले गुळानं खोकला होते.” वस्तीच्या टोकाला एक म्हातारा फकीर राहायचा. त्यानं मात्र खडा लगेच तोंडात टाकला आणि म्हणाला, “मुबारक हो बेटा. मीठा है.” बाबांचे डोळे भरून आले. दिवसभरात तेवढा एकच माणूस आमच्यासमोर गोड खाऊन दाखवणारा भेटला.

मायनं लेकराला काजळाची तीट लावली नाही. त्याचं तोंड झाकलं नाही. तो शिंकला की ती हसायची, आणि मला हाक मारून म्हणायची, “ये, पाह्य, कसा शिंकते!” त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला लहानशी चुणी होती. ती तिनं मला दाखवली, बाबांना दाखवली, दूध घालायला आलेल्या गवळ्यालाही दाखवली. बाबांनी झेंडूची माळ करून पाळण्याला बांधली. मीही हसू लागले. आमच्या घरात एवढं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पण हसता हसता माझं लक्ष आजीकडे जाई. ती लेकराला मांडीवर घेत नव्हती. पाळण्याजवळून जाताना अंग चोरून जायची. मी तिला विचारलं, “आजी, तू काहून घेत नाई त्याले?” ती म्हणाली, “मले सोयरीक वाढवाची नाई.”

रविवारी मिशनची माणसं घरी आली. पाळकांनी प्रार्थना केली, आणि मायनं लेकराचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. चांगलं नाव होतं, आनंदाच्या अर्थाचं. ते मी आमच्याजवळच ठेवते. मग माय गायला लागली. ओली बाळंतीण, पाठीला उशी लावून बसलेली, तरी आवाज अंगणाबाहेर जाईल एवढा. आलेल्या बायाही गाऊ लागल्या. आजी त्या वेळी गोठ्यात बसली होती, भिंतीकडे तोंड करून. मी तिला गूळपाणी द्यायला गेले तर तिचे ओठ हलत होते. गात होती की कोणाला विनवत होती, कळलं नाही. गोठ्याच्या पत्र्यावर टिटवी येऊन ओरडायला लागली, तशी आजी दचकून उठली आणि तिला हाकलायला ढेकूळ शोधू लागली. ढेकूळ तिच्या हातात चुरलं.

त्यानंतर दोन-तीन सकाळी गेल्या असतील. एका सकाळी लेकरानं दूध घेतलं नाही. मायनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मग तिनं करंगळी त्याच्या ओठांवर धरली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी विचारलंही नाही. बाबा तसेच अनवाणी धावले. नदी उतरली होती. या वेळी नर्स टांग्यातून तासाभरात आली. तिनं लेकराला पाहिलं, आणि आपली पिशवी न उघडताच खाली ठेवली.

तिनं बाबांना बाहेर नेऊन सांगितलं की आवाज होऊ देऊ नका. आवाजानं, धक्क्यानं, उजेडानंसुद्धा त्याला झटके येतील. करण्यासारखं एवढंच आहे.

म्हणून आम्ही मळा गप्प केला. बाबांनी मोट बंद केली, कारण तिचं चाक कुरकुरायचं. बैल लांब नेऊन बांधले. मी कोंबड्या टोपलीखाली कोंडल्या. दाराला घोंगडी लावली. बाजाराला जाणाऱ्या गाड्यांनी बांधावरून जाऊ नये म्हणून बाबा वाटेवर जाऊन उभे राहिले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हातानं थांबवून दुसऱ्या वाटेनं जायला विनवू लागले. नवरात्र तोंडावर आलं होतं. फुलं घ्यायला व्यापारी येत आणि तसेच परत जात. पाण्यावाचून शेवंतीनं माना टाकल्या. सगळीकडे एवढी शांतता झाली की घरात चुलीतलं लाकूड तडकलं तरी आम्ही तिघं दचकून पाळण्याकडे बघायचो. आणि ज्या घरात माय गात होती, त्या घरात तिला आता गाता येत नव्हतं. तिचे नुसते ओठ हलायचे. त्याच्याकडे ती मात्र बघायची. तोंड वळवायची नाही. त्याची पाठ ताणली की दोन्ही तळहात खाली धरायची आणि ती ताठ पाठ हातांवर पेलून बसून राहायची.

आजी दाराच्या बाहेर बसून होती. तिनं जेवण सोडलं होतं.

ऐन दुपारी तो गेला. मायनं आधी घोंगडी काढली. उजेड आत आला. मग तिनं त्याच्या कानाची पाळी सरळ केली.

आमच्या लोकांत बाया मातीला जात नसत. माय गेली. पाळक थांबवायला लागले, तिची प्रकृती बघून, पण ती गाडीत जाऊन बसली. बाबांनी मळ्यातली सगळी फुलं तोडली होती, उमललेली आणि न उमललेली. खड्ड्यात माती कमी आणि झेंडू जास्त दिसत होता. पाळकांनी पुनरुत्थानाच्या आशेचं वचन वाचलं. मायनं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीनंतर तिचा आवाज गेला. बाकीच्यांनी ते पुरं केलं. मला त्या वेळी तिचा राग आला, हेही सांगते. मला वाटलं, आता कशाला गाते ही?

घरी आल्यावर आजी अजून तिथेच, दाराबाहेर बसलेली होती. माय तिच्याशेजारी जमिनीवर बसली. शेवटी आजी म्हणाली, “मी सांगतलं होतं.”

“हाव, आत्याबाई. तुमी सांगतलं होतं.”

“तू आयकलं नाई. गूळ वाटला. हासली. मी पाह्यलं तुले हासताना.”

“हासली,” माय म्हणाली. “त्या दोघायच्या वक्ती मी नाई हासली. भेवच लय होतं. हे जाईन, हे जाईन म्हून रडतच राह्यली. ते जित्ते होते तवाच रडून घेतलं. त्यायचं तोंड बी मले आता आठवत नाई, आत्याबाई. कान कसे होते, काई आठवत नाई. मीनं पाह्यलंच नाई त्यायच्याकडे.” ती बोलताना आजीकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. “याच्याकडे पाह्यलं. मन भरून पाह्यलं. देवानं दिला तेवढा घेतला. लपवला असता तं तो बी गेला असता, आन हे बी गेलं असतं.”

बऱ्याच वेळानं आजीनं विचारलं, “कसा होता कान?”

मायनं सांगायला सुरुवात केली, आणि आजी रडू लागली. एवढीशी लेकरं गेली तर मोठ्यानं रडू नये, पुढची राहत नाहीत, अशी आमच्याकडे समजूत होती. आजी एकाही नातवासाठी रडली नव्हती. त्या दिवशी ती चौघांसाठी रडली. मायच्या आधीच्या तिघांचीही ती एकेक खूण सांगू लागली. एकाचं टाळूवरचं जावळ, एकाची लांब बोटं. मायनं पाहिलं नव्हतं ते सगळं तिनं पाहून ठेवलं होतं. माय ऐकत होती. मी दारात उभी होते. मायच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याला मी आजही हसू म्हणणार नाही. पण पाळण्याजवळ बसून ती ज्या चेहऱ्यानं बघायची, तोच तो होता, फक्त ओला.

त्यामुळे दुःख कमी झालं, असं मी सांगू शकत नाही. त्या हिवाळ्यात माय फार वाळली. कामात असताना मधेच थांबायची आणि कुठे तरी बघत राहायची. नाताळच्या उपासनेत ती गायला उभी राहिली, दोन ओळींत खाली बसली, आणि पुढच्या गाण्याला परत उभी राहिली. कुणीतरी तिला ‘देवाची इच्छा’ म्हणून समजावू लागलं, तर ती उठून पाणी प्यायला निघून गेली. तिचा आनंद त्या जातीचा नव्हता. आजी बार्शीटाकळीला परत गेली ती तिथेच राहिली. शेवटपर्यंत तिनं आपले देव सोडले नाहीत. काकांकडे नातवंडं झाली तेव्हा मात्र ती त्यांना पहिल्याच दिवशी मांडीवर घेऊन बसायची, असं काकू सांगत.

तीन-चार वर्षांनी मला आणखी एक भाऊ झाला. तेव्हा उन्हाळा होता, नदी कोरडी होती, आणि नर्स वेळेवर पोचली. तो जगला. तो गडी आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे आणि मळा तोच बघतो.

मी अमरावतीला कामाला लागल्यावर किती तरी घरांतून बाळंतपणं केली. लेकरू झालं की घरची म्हातारी आधी दार लावून घेते आणि कुजबुजत विचारते, काय झालं? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. त्याचा काही बायांना राग येतो.

एकदा सुटीत घरी आले असताना मी मायला विचारलं, “त्या येळी तुले भेव नव्हतं वाटत?”

ती वांग्याच्या रोपांना पाणी देत होती. तिनं पाण्याची धार दुसऱ्या सरीत वळवली. “वाटत नव्हतं कसं?” ती म्हणाली. “रोज वाटे. सकाळी उठली का पयले तेच वाटे. मंग मी लेकराकडे पाहो.”